परदेशांतील पान आणि पथारी

परदेशीं गेलेल्या दांपत्यास पहिला प्रश्न पडतो तो प्रेक्षणीय स्थळांचा नव्हे. पानाचा आणि पथारीचा. आम्ही उभयतां जपानांत क्योतो येथें उतरलों, तेव्हां हेंच अनुभवास आलें.

पथारीचा प्रश्न लौकर सुटला. खोलींत पलंग नाहीं. लव्हाळ्याच्या विणीची जाड चटई, तिचें नांव तातामी, आणि रात्रीं तिजवर अंथरलेली गादी. सकाळीं गादी कपाटांत जाते व तीच खोली जेवणघर होते. आपल्या जुन्या माजघराची रीत याहून फारशी निराळी नव्हती.

पानानें मात्र कोडें घातलें. सोयाबीनच्या मिसोचें सार दिसावयास निरुपद्रवी. परंतु त्याचें मूळ पाणी बहुधा सुक्या माशाच्या किसाचें असतें. सौभाग्यवतींनीं वाटी बाजूस सारली व दोन दिवस भात-लोणच्यावर काढले.

तिसऱ्या दिवशीं कोया पर्वतावरील एका बौद्ध मठांत उतरलों. हें स्थान कूकाइ या आचार्यांस सन ८१६ मध्यें मिळालें. तेथील भोजनांत मांस-मासळीच नव्हे, कांदालसूणही वर्ज्य! साराला चव समुद्रशैवालाची व सुक्या अळंब्यांची. सौभाग्यवतींनीं तें पुन्हां मागून घेतलें.

तात्पर्य, तिकडे ‘आम्ही शाकाहारी’ एवढें सांगून भागत नाहीं. सार कशाचें, हेंही विचारावें.