डग्ग्याचा घुमारा आणि लहान खोली

मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे दिसू लागले, तेव्हा त्या विजेचा उपद्रव कुलाब्याच्या चुंबकीय नोंदींना होईल हे ओळखून १९०४ साली अलिबागेस नवी चुंबकीय वेधशाळा सुरू करण्यात आली. त्याच अलिबागेस, किंवा मुरुड-श्रीवर्धनास, एखाद्या तबलावादकाने शहराच्या गोंगाटापासून दूर ध्वनिमुद्रणाची खोली थाटली, तर आपणही तसेच सुटलो असे त्यास वाटणे साहजिक आहे. परंतु ट्रामचा उपद्रव बाहेरचा होता. खर्जाचा उपद्रव खोलीच्या भिंतींतच जन्म घेतो.

समजा, खोली दहा फूट लांब, तितकीच रुंद व तितकीच उंच आहे. कोकणच्या उष्ण हवेत ध्वनी सेकंदास सुमारे ३४९ मीटर धावतो. या हिशेबाने समोरासमोरच्या भिंतींमध्ये सेकंदास सुमारे ५७ कंपनांचा स्वर, तसाच त्याच्या दुपटीचा ११४ कंपनांचा, जाऊन-परतून स्वतःलाच मिळतो आणि जागच्या जागी उभा राहतो. तिन्ही मापे सारखी, म्हणून तिन्ही दिशांना हेच स्वर फुगतात. घनाकार खोली ध्वनिमुद्रणास सर्वांत वाईट मानतात, ती यासाठीच. डग्ग्याचा घुमारा नेमका शंभराच्या आसपास वावरतो. वादक मनगटाच्या दाबाने तो चढवू लागला म्हणजे वाटेत एका ठिकाणी तो एकाएकी फुगतो आणि पुढे बसतो. दोष हाताचा नव्हे, खोलीचा असतो. पण रियाज वाढवून तो काढू पाहणारे भाबडे लोकही असतातच! शिवाय भिंतीला टेकून ऐकणारा ध्वनिमुद्रक डग्गा फार झाला असे समजून यंत्रावर तो उतरवितो, आणि श्रोत्याच्या घरी तबला पोकळ वाजतो.

यावर लोक अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, गोधड्या, नाहीतर दोन बोटे जाडीचा फोम भिंतीस चिकटवितात. हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबाइन या अध्यापकाने १८९५ पासून नाट्यगृहातील गाद्या रातोरात वाहून नेऊन एका व्याख्यानगृहातील घुमणे मोजले होते, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण ते दालन मोठे. लहान खोलीतील खर्जास त्याचे गणित लागू पडत नाही. कापूस-कापडासारखा सच्छिद्र पदार्थ ध्वनी शोषतो तो हवेच्या हालचालीमुळे, आणि भिंतीलगत हवा हालतच नाही. ती अधिकात अधिक हालते तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शावर; शंभर कंपनांच्या स्वराला हे अंतर जवळजवळ तीन फूट पडते. पातळ गोधडीने फक्त चाटीची किनार मरते, आणि घुमारा होता तसाच राहतो. पैसा जातो तो जातोच, वर खोली अधिकच बोजड होते.

म्हणून जाडी हवी, आणि मागे पोकळीही हवी. खोलीच्या कोपऱ्यांत सारेच उभे स्वर जोरात असतात. तेथे जमिनीपासून छतापर्यंत खनिज लोकरीचे सहा इंच जाड तक्ते तिरपे उभे केले, की मागे आपोआप पोकळी राहते. काथ्या स्वस्त खरा, परंतु किनाऱ्यावरील पावसाळ्यात तो दमटपणा धरतो व बुरशी येते. दुसरा उपाय लाकडाचा. ६ मिलिमीटर जाडीचा प्लायवूड चौकटीवर ठोकून मागे १० सेंटिमीटर बंद पोकळी ठेवली, तर तो तक्ता शंभराच्या आसपास स्वतः थरथरतो आणि त्या स्वराची शक्ती खातो. पोकळीत तक्त्यास न चिकटेल अशी थोडी लोकर भरावी.

कोकणातील जुन्या घरांत हे न योजताही काही अंशी साधलेले असते. वर कौले, खाली लाकडी माळा. खर्ज फळ्यांत जिरतो व फटींतून निसटतो. नव्या सिमेंटच्या स्लॅबखाली मात्र तो कोंडलेला राहतो. अर्थात कौलांतून पाऊस व समुद्रही आत येतात, तेव्हा माळ्याची खोली मुद्रणास सरसकट चांगली असेही नव्हे.

खर्च करण्यापूर्वी एक परीक्षा फुकट होते. ४० ते २०० कंपनांचा स्वर यंत्रातून सावकाश चढवीत ठेवावा आणि खोलीभर फिरावे. कोठे तो अंगावर येतो, कोठे नाहीसा होतो, हे खडूने जमिनीवर टिपावे. बहुधा असे आढळते की बैठक भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे, पण मध्यबिंदू टाळून, सरकविली की निम्मे भांडण तेथेच मिटते. मग कोपरे हाती घ्यावेत.