उपदेश कोणाच्या अंगणात?
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे, ‘उपदेशाच्या निरनिराळ्या पद्धती’. तुमच्यातले पुष्कळजण नगर, पुणे, मुंबईच्या मंडळ्यांत वाढलेले आणि सेवा करता पालघर-नंदुरबारकडच्या पाड्यांवर. तेव्हा हा विषय पुस्तकातला नाही, तुमच्या दर रविवारचा आहे.

आधी पौलाकडे पाहू. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 13. पिसिदियातल्या अंत्युखियाच्या सभास्थानात तो इस्राएलाचा सगळा इतिहास सांगतो, कारण समोर बसलेल्यांना तो पाठ आहे. पुढच्याच अध्यायात तो लुस्त्रात येतो. लोक आपसात लुकवनी बोलीत बोलणारे. तिथे अब्राहाम नाही, मोशे नाही. तिथे तो पाऊस, पीक आणि पोटभर अन्न देणाऱ्या देवाविषयी बोलतो. अध्याय 17 मध्ये अथेनैत गेला, तर त्यांच्याच एका वेदीपासून सुरुवात आणि त्यांच्याच कवींचा आधार. शुभवर्तमान एकच, पण सुरुवात तीन ठिकाणी तीन तऱ्हेची.

आपल्याकडेही हेच झाले. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्रज. त्यांनी नवख्रिस्ती लोकांसाठी प्रवचनांचा ग्रंथ लिहिला नाही, ओवीबद्ध पुराण रचले, कारण गावाला पुराण ऐकायची सवय होती. ते ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूरला छापले गेले. नगरकडे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर कीर्तन आणि भजन घरोघर नेले. केडगावला पंडिता रमाबाईंनी बायबलचे भाषांतर हाती घेतले ते साध्या बायांना कळावे म्हणून. 1922 मध्ये मृत्यूपूर्वी त्यांनी ते पुरे केले. एवढ्या संस्कृत जाणणाऱ्या बाईने सोपे लिहायचे कष्ट घेतले, हे आपण विसरतो.

बाहेरही असेच. केरळात पंपा नदीच्या वाळवंटात 1895 पासून मारामोनची सभा भरते. हजारो लोक मांडवात बसून लांबलांब उपदेश शांतपणे ऐकतात; पाहुणा इंग्रजीत बोलला तर शेजारी उभा राहून दुसरा तेच मल्याळममध्ये सांगतो. मिझोराममध्ये मिशनऱ्यांनी आधी दूर ठेवलेला ढोल पुढे मंडळीत आला आणि आज त्याच्याशिवाय गायन नाही.

आता आपल्या पाड्यावर या. आपण काय करतो? शहरातला तीन मुद्द्यांचा उपदेश नेतो. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, समारोप. पंचेचाळीस मिनिटे एकटा बोलतो आणि बाकीचे गप्प. पण पाड्यावर गप्प बसणे म्हणजे ऐकणे नव्हे! तिथे गोष्ट सांगताना कोणीतरी हुंकार द्यावा लागतो. हुंकार थांबला की सांगणाराही थांबतो. डांगाकडचे कथेकरी काशाच्या थाळीवर मेणाने काडी बसवतात, तिच्यावरून बोटे फिरवून सूर धरतात आणि रात्रभर कथा लावतात. जे लोक रात्रभर कथा ऐकतात त्यांना ‘यांचे लक्ष लागत नाही’ असे कसे म्हणावे?

शब्दांचेही तसेच. आपण ‘तारण’ म्हणतो. पाड्यावरच्या माणसाला तारण म्हणजे सावकाराकडे ठेवलेले चांदीचे कडे, नाहीतर जमिनीचा तुकडा. येशू आपले तारण आहे म्हटल्यावर तो काय समजत असेल? ‘वाचवले’, ‘सोडवले’ म्हणा. सोडवणे त्याला चांगले माहीत आहे, गहाण पडलेली वस्तू सोडवतातच. ‘नीतिमान ठरवले’ हे तर आपल्यालाही नीट सांगता येत नाही. खमिराचा दाखला घेऊ नका असे मी म्हणत नाही. पण नागलीच्या भाकरीला खमीर लागत नाही, एवढे ध्यानात ठेवा. उलट पेरणाऱ्याचा दाखला समजावून सांगायची गरजच नाही. वरकस जमिनीत दगडावर पडलेल्या बियाचे काय होते, हे त्या माणसांनी दरवर्षी पाहिलेले आहे. तुम्ही फक्त विचारा, ‘तुमच्या शेतात बी कुठेकुठे जाते?’ आणि मग तुम्ही ऐका.

एक गोष्ट मला जरा कडक शब्दांत सांगायची आहे. अलीकडे मोठ्या शहरी सभांची, टीव्हीवरची पद्धत मोबाइलमधून पाड्यावर आली आहे. कर्णा लावायचा, आवाज चढवायचा, ‘आता या क्षणी बरे व्हा’ म्हणून ओरडायचे. शहरात ऐकणारा घरी जाऊन डॉक्टरांची गोळी घेतो, त्याला उपदेशातली भाषा कळते. पाड्यावरची आई ती शब्दशः घेते. तिच्या लेकराला सिकलसेल आहे, घरात कोणाचे टीबीचे औषध चालू आहे. उपदेशकाने बरे झाल्याचे जाहीर केले आणि गोळ्या बंद झाल्या, तर तो दोष त्या आईचा नाही. प्रार्थना जरूर करा, डोक्यावर हात ठेवून करा. आणि त्याच तोंडाने, तिच्याच बोलीत सांगा की गोळी चुकवायची नाही, दवाखान्याची तारीख चुकवायची नाही. मी तर म्हणेन, आशाताई समोर बसलेली असताना सांगा.

वेळेचेही बघा. दिवाळीनंतर निम्मा पाडा वीटभट्टीवर नाहीतर उसाच्या तोडीला जातो. रविवारी सकाळी दहाची उपासना ही शहराची सोय आहे. भट्टीवर संध्याकाळी चुली पेटल्या की माणसे भेटतात. तिथे व्यासपीठ नको, उपरणे नको, घोंगडीवर बसा.

काहीजण विचारतील, मग आमची कीर्तने, आमची जुनी गायने सोडायची का? मुळीच नाही. नगरच्या मंडळीला कीर्तन हवेच, आणि तिथे ते कमी होत चालले याचे मला वाईट वाटते. पण वारल्यांना ते शिकवत बसू नका. त्यांच्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला उधळ्या पुत्राची गोष्ट सांगा आणि आठ दिवसांनी तिच्या तोंडून ती परत ऐका. तिने काय गाळले, काय वाढवले, बापाला काय बोलायला लावले, ते वहीत टिपून ठेवा. पुढच्या बैठकीला प्रत्येकाने अशी एक गोष्ट त्या बोलीत लिहून आणायची आहे. वाचून दाखवायला मात्र त्या बाईलाच घेऊन या. तिच्या भाड्याची सोय आपण करू.