बर्फावर विमान थांबतं कसं?

आजचा विषय थंडीचा आहे. धावपट्टीवर बर्फ असेल तर उतरलेलं विमान थांबतं कसं? आणि कधीकधी थांबत का नाही?

विमान थांबवायला तीन गोष्टी असतात. चाकांचे ब्रेक, पंखांवर उभे राहणारे स्पॉयलर आणि इंजिनांचा रिव्हर्स थ्रस्ट. स्पॉयलर उघडले की पंखांची उचल जाते आणि विमानाचं वजन चाकांवर येतं. कोरड्या धावपट्टीवर बहुतेक काम ब्रेकच करतात. पण ब्रेकची सगळी मदार टायर आणि जमिनीच्या पकडीवर. पकडच नसेल, तर ब्रेक कितीही दाबा, उपयोग कमीच. रिव्हर्स थ्रस्टला मात्र जमिनीशी काही देणंघेणं नाही. म्हणून बर्फावर तो लगेच लागतो, वेग जास्त असतानाच.

आता एक खरी घटना. ८ डिसेंबर २००५, शिकागोचं मिडवे विमानतळ. चारही बाजूंनी वस्ती, कुंपणापलीकडे लगेच रस्ता. संध्याकाळ, जोरात बर्फ पडतोय. साउथवेस्ट कंपनीचं बोईंग ७३७ बाल्टिमोरहून येतंय, आत १०३ माणसं. ब्रेक कसे लागतायत याबद्दल आधी उतरलेल्या वैमानिकांचे निरोप वेगवेगळे. कोणी म्हणतं ‘ठीक’, कोणी म्हणतं ‘खराब’. त्यात वारा मागून, सुमारे ८ नॉट.

कॉकपिटमधल्या कॉम्प्युटरने हिशोब दिला: स्थिती ‘ठीक’ असेल तर थांबल्यावर पुढे ५६० फूट उरतील, ‘खराब’ असेल तर ४० फूट. ४० फूट म्हणजे जेमतेम १२ मीटर! आणि हा ४० चा आकडासुद्धा मागून वारा फक्त ५ नॉट आहे असं धरून काढलेला. ८ नॉट धरले असते, तर विमान धावपट्टीच्या २६० फूट पुढे जातंय असं दिसलं असतं. पडद्यावर ही मेख स्पष्ट दिसत नव्हती.

चाकं टेकली. कंपनीने ऑटोब्रेक नुकतेच वापरात आणले होते, दोन्ही वैमानिकांना ते नवे. त्यांचं लक्ष तिकडे गेलं आणि रिव्हर्सर पूर्ण उघडेपर्यंत १८ सेकंद निघून गेली. विमान कुंपण तोडून रस्त्यावर आलं आणि एका गाडीवर आदळलं. गाडीतला ६ वर्षांचा मुलगा गेला. तो विमानात बसलाही नव्हता.

तपासात रिव्हर्स थ्रस्टला झालेला उशीर हे मुख्य कारण ठरलं. पण वैमानिकांवर बोट दाखवून विषय संपला नाही. कंपनीच्या अस्पष्ट सूचना, कॉम्प्युटरची रचना, हिशोबात जादा अंतर न ठेवणं, हेही अहवालात आलं. २००६ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने सुचवलं, की उतरायला लागणाऱ्या अंतरात निदान १५ टक्के भर घाला.

आणखी एक प्रश्न होता शब्दांचा. माझं ‘ठीक’ आणि तुमचं ‘ठीक’ एकच कशावरून? त्यामुळे आता आकडे आले. ६ म्हणजे कोरडी धावपट्टी, ५ म्हणजे ओली, १ म्हणजे बर्फाची लादी, ० म्हणजे ओला, निसरडा बर्फ. धावपट्टीचे तीन भाग करून प्रत्येकाला वेगळा आकडा. ही पद्धत ४ नोव्हेंबर २०२१ पासून जगभर लागू झाली.

तुम्ही म्हणाल, मुंबईत कुठे बर्फ पडतो? पण याच पद्धतीत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त साचलेल्या पाण्याला २ आकडा आहे, म्हणजे कोरड्या साचलेल्या बर्फापेक्षाही वाईट! टायर पाण्याच्या थरावर तरंगतो आणि पकड सुटते. १ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईत मुसळधार पावसात जयपूरहून आलेलं स्पाइसजेटचं विमान धावपट्टीच्या पुढे गेलं. सुदैवाने सगळे वाचले, पण मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली.

म्हणून पावसाळ्यात विमान जरा दणकन टेकलं, तर लगेच वैमानिकाला नावं ठेवू नका. हळुवार टेकवण्याच्या नादात धावपट्टी वाया जाते. ठाम टेकलं की चाकांना पकड लवकर मिळते. आणि उतरता उतरता विमान पुन्हा वर गेलं, किंवा दुसऱ्याच शहरात नेलं, तर चिडचिड होणारच, कनेक्शन चुकणार, घरचे वाट बघणार. पण कोणीतरी हिशोब केलाय आणि ‘४० फूट पुरे नाहीत’ असं ठरवलंय, हे लक्षात ठेवा.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात भेटू, काळजी घ्या!