छिन्नमनस्कता : रुग्णाचा ताण आणि कुटुंबाचे कर्तव्य
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या मंगल प्रसंगी शिक्षण, उद्योग अथवा ज्ञातीचा इतिहास यांपैकी एखादा विषय आम्ही घ्यावा, अशी चिटणीसांची अपेक्षा होती. तथापि ज्या विषयावर आपल्या घरांतून कुजबुज पुष्कळ होते आणि बोलणे मुळीच होत नाही, तो विषय मांडण्याची परवानगी आम्ही मागितली. त्यांनी ती उदार मनाने दिली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

विषय आहे छिन्नमनस्कतेचा, म्हणजेच स्किझोफ्रेनियाचा. हे नाव स्विस वैद्य ब्लॉयलर यांनी 1908 साली योजले. नावावरून एका देहात दोन माणसे राहतात असा समज पसरला, पण तो चुकीचा आहे. या विकारात विचार, भावना आणि इंद्रियांचे अनुभव यांचा परस्परांशी असलेला मेळ सुटतो. कोणी बोलत नसता आवाज ऐकू येतात. सारे जग आपल्यावर टपले आहे असे वाटते. कित्येकांचा उत्साहच आटून जातो. 1952 साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाचा गुण दिसून आला आणि उपचारांचे नवे युग सुरू झाले. औषधांची महती आम्ही कमी लेखीत नाही. परंतु औषध घेणारा माणूस दिवसाचे चोवीस तास कसे काढतो, त्याला कशाचा भार होतो आणि तो भार तो कसा पेलतो, याचा विचार आपण क्वचितच करतो.

येथे घरचीच गोष्ट सांगणे आम्हांस भाग आहे. आमचे धाकटे बंधू महाविद्यालयात असताना या विकाराने आजारी झाले. पहिले वर्ष आम्ही अंगारे-धुपाऱ्यांत घालविले. पुढे योग्य उपचार मिळाले आणि ते पुष्कळ सावरले. इतक्यात घरात एक लग्न निघाले. गोळ्यांनी ते सुस्त दिसतात, चारचौघांत बरे दिसणार नाही, म्हणून आम्हीच चार दिवस त्यांच्या गोळ्या बंद केल्या. मांडवात ध्वनिक्षेपकाचा कल्लोळ, दोन रात्रींचे जागरण, आणि भेटेल त्या पाहुण्याचा एकच प्रश्न, "हल्ली काय करतोस?" अखेर आम्ही त्यांना मागच्या खोलीत बसविले आणि बाहेरून कडी घातली. वऱ्हाड परतले त्याच रात्री त्यांचा आजार पूर्ववत उसळला. दोष आजाराला देऊन आम्ही मोकळे झालो!

पुढे कित्येक महिन्यांनी ते आम्हांस म्हणाले, "दादा, आतले आवाज आता माझ्या ओळखीचे झाले आहेत. तुम्ही सगळे एकदम बोलू लागलात की मला भीती वाटते." हे वाक्य आम्ही अद्याप विसरलो नाही.

त्यांच्या बोलण्यास शास्त्राचाही आधार आहे. लंडनमधील संशोधक जॉर्ज ब्राउन व त्यांचे सहकारी यांना आढळले की, आजार उसळण्यापूर्वीच्या तीन आठवड्यांत रुग्णाच्या आयुष्यात काही मोठा बदल घडलेला असण्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच अधिक असते. 1972 साली त्यांनी आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या घरांत रुग्णावर टीका, राग किंवा अतिकाळजीचा मारा होता, तेथे नऊ महिन्यांत 58 टक्के रुग्णांचा आजार उलटला. जेथे असा मारा नव्हता तेथे 16 टक्क्यांचा. पुढे चंडीगढ येथे असाच अभ्यास झाला, तेव्हा अशी टीकाखोर घरे तेथे लंडनपेक्षा बरीच कमी आढळली. आपल्या कुटुंबपद्धतीत सोसण्याची शक्ती आहे, हे त्यावरून दिसते. पण ती शक्ती आपोआप टिकत नाही.

याचा अर्थ आई-बापांनी आजार निर्माण केला असा कोणीही घेऊ नये. आजाराची मुळे मेंदूत, आनुवंशिकतेत आणि इतर अनेक कारणांत आहेत. परंतु भेगाळलेल्या बांधावर पाण्याचा लोट किती सोडावा, हे पुष्कळ अंशी आपल्या हाती असते.

आता रुग्ण स्वतः काय करतो ते पाहू. तो स्वस्थ बसलेला नसतो; त्याची झुंज आपल्याला दिसत नाही इतकेच. आमचे बंधू पहाटे टेकडीवर फिरून येतात. आवाज वाढले की अभंग गुणगुणतात. ओठ हलत राहिले की आवाज काहीसे मागे हटतात, असा त्यांचा अनुभव आहे. समारंभात ते दाराजवळची खुर्ची धरतात आणि जीव घुसमटला की निमूटपणे बाहेर पडतात. शंका आली तर विचारतात, "वहिनी, आत्ता कोणी हाक मारली का?" वहिनी हसत नाही की उपदेश करीत नाही. "नाही भाऊजी," एवढेच म्हणते. या दोन शब्दांनी त्यांना जो धीर येतो तो आमच्या शंभर व्याख्यानांनी आला नसता. झोप दोन रात्री मोडली तर ते आपण होऊन डॉक्टरांकडे जातात. एका पुस्तक-बांधणीच्या दुकानात ते रोज तीन तास काम करतात. तीन तासच का, असे आता आम्ही विचारीत नाही.

पुण्यात 1997 साली डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्थापन केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्थांनी रुग्ण व नातलग यांचे स्वमदत गट चालविले आहेत. समदुःखी माणसापुढे बोलताना लाज आड येत नाही, हा त्यांचा मोठा लाभ. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाचा समाजात राहण्याचा हक्क मान्य केला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता, असेच गृहीत धरावे, असेही तो सांगतो. कायद्याला जे उमगले ते ज्ञातीला का उमगू नये?

अखेरीस एक अवघड गोष्ट. आपल्या मंडळाची वधूवर-सूचक नोंदवही आहे. तिच्या भीतीने आपण आजार लपवितो. लपवून लग्न लावले की सासरी गोळ्या चोरून घ्याव्या लागतात, मग त्या चुकतात, आणि उघड होण्याच्या धास्तीनेच आजार बळावतो. दोन घरे दुखावतात, पण सर्वांत अधिक सोसतो तो रुग्ण. दुसरीकडे, घरात एक रुग्ण आहे एवढ्यावरून त्याच्या निरोगी भावंडांची स्थळे आपण नाकारतो. वास्तविक अशा रुग्णांच्या बहुसंख्य भावंडांना हा आजार होत नाही.

म्हणून कार्यकारी मंडळास आमची विनंती आहे. लपवाछपवी आणि बहिष्कार या दोहोंनाही मंडळाने आश्रय देऊ नये. दरवर्षी संमेलनात या विषयाच्या जाणकारांना एक तास द्यावा. 2022 पासून सुरू असलेल्या टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक स्मरणिकेत ठळक छापावा. आणि आपल्या प्रत्येक कार्यालयात एक शांत खोली असावी, जिला कडी फक्त आतून असेल.

आमच्या घरची ती खोली बाहेरून बंद होती, याचे शल्य आम्हांस जन्मभर राहील. आपल्यापैकी कोणाच्याही वाट्यास ते येऊ नये, एवढीच प्रार्थना.