भाड्याची खोली आणि आपले नाव
(सोलापूर येथे बौद्ध तरुणांच्या सभेत एका वकिलाने केलेले भाषण)



येत्या काही आठवड्यांत आपल्यापैकी अनेकजण सोलापूर सोडतील. कोणी पुण्यास, कोणी हैदराबादेस, कोणी बंगळूर-अहमदाबादेस जातील. चिटणिसांनी मला नागरिकांच्या हक्कांवर बोलण्यास सांगितले आहे. मी आज एकाच हक्कावर बोलणार आहे. परक्या शहरात रास्त भाडे मोजून राहण्यास खोली मिळण्याचा हा हक्क होय.

नोकरीचे पत्र खिशात घालून आपला तरुण खोली पाहावयास जातो. मालक प्रथम गाव विचारतो. सोलापूर म्हणताच आपल्या चादरीची स्तुती होते. मग आडनाव येते. आडनावावरून उलगडा झाला नाही तर घरात काय शिजते, अशी चौकशी होते. ‘आम्ही बौद्ध’ असे उत्तर मिळाले की ती खोली कालच दुसऱ्यास दिल्याचे मालकांना एकाएकी स्मरते. जातीचा उच्चार कोणी करीत नाही. सगळे सौजन्याने पार पडते.

कायद्याचे शिक्षण घेत असता मीही हे अनुभविले आहे. अनामत रक्कम भरली, सामान लावले आणि भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर टांगली. सायंकाळी मालकांनी रक्कम परत आणून दिली, एक रुपयाही कमी नव्हता! मुलाचे लग्न ठरल्याने जागा लागणार, असे ते म्हणाले. त्यांना मुलगा नव्हता हे मला मागाहून कळले. मी तसबीर उतरविली आणि निमूटपणे बाहेर पडलो. विधीचा विद्यार्थी असून मी एक प्रश्नही विचारला नाही, हे मला आजही बोचते.

यावर आपल्यातील काहींनी एक तोड काढली आहे. आडनाव बदलून सांगावयाचे, तसबीर पेटीत ठेवावयाची. या तरुणांना भित्रे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. सप्टेंबर १९१७ मध्ये बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले. कोलंबिया विद्यापीठाचा हा विद्वान, वय २६. परंतु त्या शहरात त्यांना राहण्यास जागा नव्हती. पारशांच्या एका विश्रामगृहात दररोज दीड रुपया भाड्याने ते राहिले. तेथे पारश्याखेरीज कोणास प्रवेश नव्हता, म्हणून व्यवस्थापकाच्या संमतीने वहीत पारशी नाव लिहिले गेले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले आणि सायंकाळपर्यंत जागा सोडण्याची धमकी मिळाली. दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. दोघांनीही अडचण सांगितली. रात्रीच्या मुंबईच्या गाडीस अवकाश होता. तेवढे पाच तास त्यांनी कामाठी बागेत काढले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी हे सारे लिहून ठेविले आहे, परके नाव धारण केल्याची गोष्टही त्यांनी लपविलेली नाही. तेव्हा ज्यास आज रात्री छप्पर हवे आहे त्याने काय केले, याचा न्याय मी करीत नाही. मात्र खोट्या नावाचे छप्पर अकराव्या दिवशी उडते, एवढे आपण ध्यानी घ्यावे.

आता सोलापूरची गोष्ट. जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि अवघ्या सहा महिन्यांत, ४ जानेवारी १९२५ रोजी, तिने याच सोलापूर शहरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. खेड्यातून शिकावयास येणाऱ्या मुलास शहरात कोणी खोली देणार नाही, हे सभेच्या धुरीणांना कोणी सांगावयास नको होते. कामाठी बागेतील ते पाच तास आणि सोलापूरचे हे वसतिगृह यांचा संबंध बाबासाहेबांनी कोठे सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही. तो मी जोडतो.

१९१७ साली बाबासाहेबांच्या हाती कायदा नव्हता. आपल्या हाती आहे. १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा आज नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने ओळखला जातो. त्याच्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, मिळविणे वा त्यात राहणे याबाबत अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा ठरविला आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. कलम १२ अधिक मोलाचे आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणानेच झाले, असे न्यायालय गृहीत धरते; तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करावयाचे. धर्मांतरामुळे आपण या तरतुदीबाहेर पडलो, अशी समजूत अजून ऐकू येते. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला आहे, म्हणून जातीचा दाखला जवळ असू द्या.

मग खटले का दिसत नाहीत? कारण नकार तोंडी असतो आणि साक्षीदार नसतो. म्हणून खोली पाहावयास एकटे जाऊ नका. भाडे, अनामत, तारीख यांविषयीचे बोलणे मोबाइलवरील संदेशात होऊ द्या आणि ते संदेश पुसू नका. खोली गेली असे सांगितल्यावर दुसऱ्या समाजातील मित्रास त्याच खोलीची चौकशी करण्यास पाठवा. त्याला ती मोकळी असल्याचे सांगितले गेले, तर तुमच्या हाती पुरावा आला.

कायद्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व पारशांपुरते ठेवण्याचा, नियम वैध ठरविला. खासगी संस्थेविरुद्ध मूलभूत हक्क असे चालत नाहीत, असा तो विचार. परंतु तो निर्णय सभासदत्वाच्या नियमाविषयी होता. अस्पृश्यता पाळण्याचा परवाना त्याने कोणास दिलेला नाही. कोणी तो तुमच्या तोंडावर फेकला तर घाबरू नका.

खटल्यास वर्षे लागतात, छप्पर मात्र त्याच रात्री लागते. म्हणून प्रत्येक शहरातील विहाराने आपल्या ओळखीच्या घरांची यादी ठेवावी, असा माझा आग्रह आहे. सोलापूरहून पूर्वी गेलेल्यांना आम्ही पत्रे लिहिली आहेत. जे आता जाणार आहेत त्यांनी सभा संपल्यावर आपले नाव, जाण्याचे शहर आणि रुजू होण्याची तारीख माझ्याकडे लिहून द्यावी. मी येथेच दाराशी बसतो.