फळीखालचे लोखंड
(व्याख्यानाचा मजकूर)



संस्कृत भाषेत ‘नागदंत’ असा एक अर्थवाही शब्द आहे. नागदंत म्हणजे भिंतीतून पुढे आलेली, हत्तीच्या सुळ्यासारखी खुंटी. नागरकाच्या दालनाचे वर्णन करताना वात्स्यायनाने अशा नागदंतावर अडकवलेल्या वीणेचा उल्लेख केला आहे. भिंतीवरचा आधार भक्कम असावा आणि देखणाही असावा, ही दृष्टी या भूमीत इतकी जुनी आहे.

महाराष्ट्रातील वाड्यांच्या जाड भिंतींत कोनाडे आणि फडताळे सहज सामावत. दिवा कोनाड्यात, पोथ्या फडताळात. सदनिकांच्या पातळ भिंतींनी ती सोय हिरावून घेतली आणि फळीला बाहेरून आधार देणे भाग पडले. तो आधार म्हणजे ब्रॅकेट. बहुतेक घरांत तो यंत्रातून ठोकून काढलेला, निर्विकार पत्रा असतो. तोच लोहाराच्या हातून घडला तर काय होते, हे समजण्यासाठी बस्तरकडे पाहावे लागते.

गडचिरोलीच्या पूर्वेस पसरलेल्या बस्तरमधील कोंडागाव परिसर लोहशिल्पासाठी प्रसिद्ध आहे. पिढ्यान्‌पिढ्या येथील लोहारांनी शेतीची अवजारे, शिकारीची हत्यारे आणि देवस्थानातील दिवे घडविले. त्याच हातांतून पुढे हरिणे, वादक, दीपवृक्ष, खुंट्या आणि फळ्यांचे आधार उमटले. बस्तरच्या लोहशिल्पाला भौगोलिक मानांकनही लाभले आहे.

साधने मोजकी : भट्टी, ऐरण, हातोडा, सांडशी आणि छिन्नी. पट्टी लालबुंद झाली की घाव घालावयाचा; रंग उतरला की ती पुन्हा निखाऱ्यांत. टोक निमुळते करून वळविले की वेल होते. छिन्नीने चिरले की पाने होतात. शेवटी घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर वॉर्निशचा हात फिरतो. हातोड्याचे ठसे मात्र राहतात, आणि म्हणूनच दोन आधार कधीही तंतोतंत सारखे नसतात.

हे सौंदर्य केवळ शोभेचे नाही. भिंतीपासून १५ सेंटिमीटरवर १० किलो भार असेल आणि आधाराची उभी पट्टी २० सेंटिमीटर असेल, तर वरच्या खिळ्यावर सुमारे साडेसात किलोची ओढ येते. पट्टी १० सेंटिमीटरच असेल तर तीच ओढ १५ किलो होते. उभी पट्टी पुरेशी उंच हवी आणि तिच्यापासून फळीपर्यंत तिरपा दुवा हवा, हे लोहार गणिताविना जाणतो. तो दुवा तो वेलीच्या रूपात घडवितो, इतकेच.

आता एक विसंगती. बस्तरमधीलच बैलाडिलाचे उत्तम लोहखनिज १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून रेल्वेने विशाखापट्टणमला आणि तेथून जपानला जाऊ लागले. त्याच भूमीचा लोहार मात्र भंगारातील पट्टी विकत घेऊन आपली कला जगवितो. खनिज जगभर पोहोचले. कारागीर उंबरठ्यावरच थांबला.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत लोहाराचाही समावेश आहे. पहिल्या टप्प्यात १ लाख आणि दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंतचे विनातारण कर्ज ५ टक्के व्याजाने मिळण्याची त्यात तरतूद आहे. कर्जाने भट्टी पेटेल. पण ती पेटती ठेवील तो ग्राहकच. वस्तू विकली गेली नाही, तर कर्ज हे ओझेच ठरते आणि लोहाराचा मुलगा ऐरण सोडून शहराची वाट धरतो. शेकडो वर्षांचे ज्ञान अशा वेळी एका पिढीत संपते, कारण ते ग्रंथात नसून मनगटात असते.

तेव्हा घरात नवी फळी लावताना आपल्याच गावच्या लोहाराला एकदा विचारावे. मोजमाप द्यावे, घासाघीस न करता मोल द्यावे. कोकणासारख्या दमट हवेत दरवर्षी रंगाचा वा वॉर्निशचा एक हात द्यावा. असा आधार दोन पिढ्या सहज टिकेल. तो फळी तोलून धरील; आणि त्या फळीखाली एका कारागिराचे घरही तोललेले असेल.