सिकलसेल: रक्तातील वारसा

एकोडी हे गाव ज्या भंडारा जिल्ह्यात वसले आहे, त्या पूर्व विदर्भाच्या मुलखात सिकलसेल हा आनुवंशिक विकार अनेक घरांच्या परिचयाचा आहे. तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिन दोन अल्फा व दोन बीटा अशा चार प्रथिनशृंखलांचे असून, बीटा शृंखलेत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आले, की प्राणवायू सोडताच हे रेणू परस्परांस चिकटून पेशीला विळ्याचा आकार देतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडासांध्यांत असह्य कळा उठतात. तपासणीत बोटावरील रक्ताचा थेंब परीक्षानळीतील द्रावणात टाकल्यावर ते गढूळले, तर रुग्ण की वाहक याचा निर्णय इलेक्ट्रोफोरेसिसने होतो. माता व पिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास विकार होण्याचा संभव 25 टक्के असतो. म्हणून सोयरीक ठरवताना पत्रिकेआधी रक्ततपासणीचा दाखला पाहावा, हेच श्रेयस्कर.